मधल्या माणसापुढची फुली

आज सकाळी तो पुन्हा दाराच्या फटीतून आत पडला.

आमच्या दाराला पत्रांसाठी पितळी फट आहे, तिची झडप सैल झाली आहे. कागद आत आला की ती दोनदा वाजते, एकदा कागदासाठी आणि एकदा उगीच. मी कणीक मळत होते. हात तसेच घेऊन बाहेर आले तर पायपुसण्यावर तो उताणा पडलेला, माझ्याकडे बघून हसत. शेजाऱ्यांच्या चेरीच्या दोन ओल्या पाकळ्या त्याच्या गालाला चिकटल्या होत्या. चार वर्षांत कानांजवळचे केस पांढरे झाले आहेत, हसू मात्र तेच. ते पूर्ण नाही आणि अर्धंही नाही, मोजून आणल्यासारखं आहे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. ते मी उभ्या उभ्याच वाचलं, कुणाला न विचारता. अजूनही मधोमध. अजूनही तुमचं ऐकणारा.

पिठाच्या हातांनी उचलला तर त्याच्या कपाळावर माझा अंगठा उठला. तो तसाच राहू दिला.

इथे, लीड्सच्या बाजूला, मे महिन्याच्या सुरुवातीला, गुरुवारी मतदान असतं. त्याआधीचे पाच-सहा आठवडे माझ्या मनात एक वेगळाच ऋतू होऊन बसले आहेत. हीटर बंद होतो आणि भिंतींना गार वास येतो. रस्त्यावर कुणीतरी वर्षातलं पहिलं गवत कापतं, पेट्रोल आणि हिरव्या रसाचा वास खिडकीतून आत येतो. दोरीवरचे कपडे एका दिवसात तीनदा आत घ्यावे लागतात. रात्रीचे आठ वाजले तरी ऊन भिंतीवर रेंगाळत असतं, जेवायला बसावं की नाही कळत नाही. आणि फटीतून कागद पडत राहतात. पिझ्झावाल्याचा, खिडक्या पुसणाऱ्याचा, आणि मग ह्यांचे. लोकांना हा ऋतू फार आवडतो. मलाही आवडायचा. चार वर्षांपूर्वी त्याने तो माझ्याकडून काढून घेतला.

त्या वर्षी मी दर मंगळवारी लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर इंग्रजीच्या वर्गाला जात असे. दहा ते बारा. ओल्या कोटांचा आणि पातळ कॉफीचा वास, खिडकीखाली बसची वळणं, आणि आम्ही तेराजणी. कुणी सुदानची, कुणी कुर्द, कुणी मीरपूरची. चौथीच्या परीक्षेनंतर मला कुणी बाक आणि पेन्सिल दिली नव्हती. पहिल्या दिवशी वही उघडली तेव्हा कोऱ्या पानाचा वास आला आणि मी घाबरून ती मिटली. शेजारची विचारत होती काय झालं, तर मला सांगता येईना. सांगायला लागणारी भाषाच शिकायला मी आले होते.

शिकवायला डोरीन होती. सत्तरीची, उंच, एकच हिरवा स्वेटर, चष्मा दोरीने गळ्यात. सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणायची. मला पहिले दोन आठवडे वाटत होतं की ती मला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारते, आणि ती कोण असेल तिच्या जागी मी बसले आहे. डोरीन बरोबर उत्तराला बरोबरची खूण करायची आणि चुकलेल्याभोवती पेन्सिलीने हलकं गोल काढायची. गोल म्हणजे पुन्हा बघ. फुली तिने कधीच मारली नाही. आमचे गुरुजी लाल पेन्सिलीने फुली मारायचे, ती पुढच्या दोन पानांवर उमटायची. पान उलटलं तरी चूक संपत नसे.

तर त्या एप्रिलात डोरीनने वर्गात सगळ्या उमेदवारांची पत्रकं आणली. आमच्या भागाला मेयर निवडायचा होता. बस, घरं, आणि मोठ्या माणसांचे असे वर्ग, हे सगळं त्या मेयरच्या हातात असतं हे मला तेव्हाच कळलं. ती म्हणाली, “मत कुणाला द्यायचं ते मी सांगणार नाही. वाचायचं कसं ते सांगणार.” ह्याच्या पत्रकावर एक शब्द तीनदा होता. मॉडरेट. डोरीनने फळ्यावर आडवी रेघ काढली, दोन टोकांना दोन ठिपके दिले आणि मध्ये एक. मधल्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, हा मॉडरेट. मी वहीत लिहिलं, मॉडरेट, मधला.

लिहिताना मला तो ठिपका फार एकटा आणि फार आरामात बसलेला वाटला होता.

त्याच आठवड्यात रविवारी आमच्या विहारात जयंतीचा कार्यक्रम होता. विहार म्हणजे स्काउटच्या मुलांचा हॉल, आम्ही तो महिन्यातून दोन रविवार भाड्याने घेतो. घडीचं टेबल, पांढरी चादर, फोटो, मेणबत्त्या, आणि मागच्या भिंतीवर स्काउटवाल्यांची दोरीच्या गाठींची चित्रं. वंदना झाली. मग सुमेध उभा राहिला. सुमेध पुण्याचा, लीड्सच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करतो, हुशार आणि मनाने खरोखर चांगला. आम्हाला गाडीतून घरी सोडणारा तोच. मी कोपऱ्यात चहाच्या भांड्याजवळ होते. माझी जागा तीच असते. भांड्यामागे उभं राहिलं की कुणी आपल्याला बोल म्हणत नाही.

“आपण कॉमनवेल्थवाले,” सुमेध म्हणाला, “व्हिसावर असलो तरी इथे व्होट करू शकतो. हा राइट वाया घालवू नका. आणि मी पर्सनली सांगतो, ह्या माणसाला द्या.”

“सुमेध, तुले तिकीट पाहिजे का बावा?” आमचे हे मागून म्हणाले. हे एका हॉटेलात आचारी आहेत, नागपूरचं बोलणं यांनी विमानतळावर जमा केलं नाही. सगळे हसले.

“काका, ऐका तर! त्याच्या पार्टीतले बाकीचे काय बोलतात माहितीये ना? आपल्याला परत पाठवा म्हणतात. हा तसा नाही. स्वतःच्या लोकांविरुद्ध बोललाय तो. नर्सेस हव्यात, इंजिनीअर्स हवेत म्हणतो. बसेस एकदम सरकारी नको, एकदम कंपन्यांच्या हातातही नको. घरं बांधायची, पण लोकांना विचारून. मॉडरेट आहे तो. म्हणजे आपल्या भाषेत काय?” त्याने हात पसरले. “मध्यममार्गी!”

हॉलमध्ये बरं वाटल्याची कुजबुज झाली. एका म्हाताऱ्या गृहस्थांचे हात तर अर्धे जुळलेच. मध्यम मार्ग म्हटल्यावर आमच्यात नाही कोण म्हणणार? तो शब्द आम्ही लहानपणापासून डोळे मिटून ऐकलेला आहे.

मी कपात चहा ओतत होते, तो बशीत गेला.

घरी येऊन मी ते पत्रक काढलं. डोरीनकडे दुसऱ्याच आठवड्यात आम्ही ‘बट’ शिकलो होतो. म्हणजे पण. मी त्या शब्दाखाली रेघा मारत गेले, नऊ झाल्या. बस हवी, पण. घरं हवीत, पण. बाहेरून आलेल्यांचं स्वागत, पण. त्याच्या प्रत्येक वाक्याच्या पोटात एक पण बसला होता, आणि तो प्रत्येक वेळी कुणाच्या तरी दाराशी येऊन थांबत होता. आमच्या गल्लीतली रविवारची बस बंद पडली होती तिच्याबद्दल तो कंपन्यांशी चर्चा करणार होता. घरं बांधणार होता, जिथे कुणाची तक्रार नसेल तिथे. तक्रार कुणाची ऐकली जाते हे मला सांगायला पत्रक लागत नाही. आणि आम्हाला हाकलणार नव्हता. त्याबद्दल सुमेध त्याचे आभार मानत होता. घरात आलेल्याला तू अजून बाहेर काढलं नाहीस म्हणून तुझे पाय धरायचे, असा तो हिशोब होता. मी सुमेधला काही बोलले नाही. मी कुणालाच बोलत नाही. पण त्या रात्री वहीत लिहिलं, हा मध्यम मार्ग नाही.

बुद्धाने दोन टोकं सोडली ती दोन्ही आधी स्वतःच्या अंगावर घेतली होती. राजवाड्यातलं पोटभर जगणं आणि जंगलातलं बरगड्या मोजणारं जगणं, दोन्ही त्याने स्वतः भोगून बघितलं आणि मग दोन्ही बाजूला ठेवलं. मारणारा आणि मार खाणारा यांच्या मधोमध खुर्ची टाकून, निम्मं मारा, असं तो म्हणाला नव्हता.

मला मधली माणसं ओळखता येतात, कारण एकाने माझी शाळा संपवली.

आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत. पाचवी पुढच्या गावात. गावातली मुलं तिकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जायची. त्या वर्षी आमच्या वस्तीतले चार मुलगे आणि तीन मुली चौथी पास झालो. आमच्या मुलांनी त्या ट्रॉलीत बसायचं की नाही यावर गावात बैठक झाली. काही म्हणाले, एकही नाही. माझे बाबा आणि वस्तीतले म्हणाले, सातही. आमचे सरपंच फार समंजस म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. आवाज कधी चढला नाही, शिवी कधी दिली नाही. त्यांनी दोन्ही बाजूंचं शांतपणे ऐकलं, सुपारी कातरून सगळ्यांच्या हातावर ठेवली, आमच्याही, वरून टाकली पण ठेवली. मग म्हणाले, “मुलगे बसतील. पोरी राहू द्या. दोघांचंही राहिलं.”

बाबा घरी आले ते जिंकल्यासारखे. आईने त्या दिवशी सांजा केला, मी दोनदा मागून घेतला. मला वाटलं होतं की जिंकलो आहोत म्हणजे मीही जिंकले असेन. सोमवारी माझ्याच वर्गात असलेला दादा ट्रॉलीत चढला तेव्हा मी त्याचं दप्तर वर दिलं. आत तिघींपुरती जागा मोकळी होती. मी नीट बघितली. ती जागा मला अजून दिसते, फळीवर कुणीतरी पोतं टाकलेलं.

सरपंचांवर गावात कुणाचा राग नव्हता. माझ्या बाबांचाही नव्हता. माझा आहे.

मतदानाच्या आधीच्या मंगळवारी डोरीन नेहमीपेक्षा जाड पिशवी घेऊन आली. आज मत कसं द्यायचं ते शिकायचं, असं तिने मागच्या वेळी सांगून ठेवलं होतं. पण अकराच्या चहानंतर ती पिशवी उघडणार तेवढ्यात खालून लायब्ररीची मॅनेजर वर आली, आणि तिच्या मागे तो. एक बाई कॅमेरा घेऊन. निळा फुलासारखा बिल्ला कोटाला. पाचच मिनिटं, म्हणाला.

खुर्ची उलटी करून तो आमच्यात बसला. डब्यातलं बिस्किट घेतलं, चहा घेतला. आम्ही बहिऱ्या असल्यासारखं मोठ्याने आणि तुटक बोलत होता. तुमच्यासारख्या मेहनती बायकांचं मला कौतुक वाटतं. तुम्ही आमच्या समाजाचा कणा आहात. कणा म्हणजे काय ते दाखवायला त्याने स्वतःच्या पाठीवर हात मारला, तेव्हा कॅमेरा चमकला.

डोरीनने विचारलं, “आणि हा वर्ग? तुम्ही निवडून आलात तर ह्याचं काय?”

तो गंभीर झाला. चांगला प्रश्न आहे, म्हणाला. काही लोक म्हणतात असे वर्ग बंदच करा. काही म्हणतात सगळ्यांना कायम फुकट चालू ठेवा. मी दोघांचंही ऐकतो. ज्या नोकरी करतात किंवा शोधतात त्यांचे वर्ग चालतील, संध्याकाळी. ज्या घरीच असतात त्यांच्यासाठी फोनवर एक छान ॲप असेल. ‘फेअर बॅलन्स’, म्हणाला, आणि दोन्ही तळवे तराजूसारखे धरले.

मला निम्मं समजलं. पण ‘होम’ म्हणताना त्याने आमच्यावरून नजर फिरवली, ते पूर्ण समजलं. तेरापैकी अकरा आम्ही घरीच असणाऱ्या. मुलगे बसतील. पोरी राहू द्या.

माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. आम्ही घरी आहोत कारण इंग्रजी येत नाही. सहा-सात शब्दांचं वाक्य, सगळे शब्द मला येत होते. ते छातीतून गळ्यापर्यंत आलं, गळ्यात उभं राहिलं, आणि त्याने बिस्किटाचा तुकडा झटकून “एनी क्वेश्चन्स?” असं विचारल्यावर खाली उतरून गेलं. पाच मिनिटांची पन्नास झाली होती. बारा वाजले. डोरीनने पिशवी न उघडताच उचलली.

गुरुवारी मतदान आमच्या गल्लीतल्या बालशाळेत होतं. मी दुपारी गेले, एकटी. टेबलावरच्या बाईने माझा भारताचा पासपोर्ट बघितला, मला बघितलं, “लव्हली” म्हणाली. छताला कागदाचे मासे टांगलेले, भिंतीला माझ्या गुडघ्याएवढ्या खुर्च्या लावून ठेवलेल्या, खडूचा वास. मी पुन्हा वर्गात होते आणि ह्या वेळी कागद मला तपासायचा होता. भारतात मी दोनदा बटण दाबलं आहे, कागद कधी हातात आला नव्हता. भिंतीवर काहीतरी समजावणारं चित्र लावलं होतं. मी तिकडे बघितलं नाही. सगळे माझ्याकडे बघत आहेत असं मला वाटत होतं, आणि कुणीच बघत नव्हतं.

दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली. मला कुणी हवं होतं असं नव्हतंच. बाकीच्यांना मी ओळखत नव्हते. मला एवढंच सांगायचं होतं की हा नको. हा चूक आहे. मी त्याचं नाव शोधलं, एक-एक अक्षर लावून, आणि त्याच्यापुढच्या चौकटीत गुरुजींसारखी फुली मारली. मग ती पुन्हा गिरवली. दोन पानं खाली उमटावी इतकी.

बाहेर आले तेव्हा इतकी हलकी होते की वळसा घेऊन गेले आणि मेथीची जुडी आणली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणालातरी तोंडावर नाही म्हटलं होतं.

शुक्रवारी सकाळी हे चहाला बसले.

“दिलं का मत?”

“दिलं.”

“फुली नीट चौकटीत मारली ना? बाहेर गेली तं बाद करतात म्हणे.”

“नीट मारली. दोनदा गिरवली.”

“मी त्या बसवाल्या बाईले मारली.”

मी झारा खाली ठेवला. “बाईले? तिनं काय केलं बिचारीनं?”

“काय केलं म्हंजे? रविवारची बस सुरू करीन म्हणते. म्हणून तं मारली.”

“ती चांगलं करीन म्हणते, अन् तुम्ही तिले फुली मारली?”

ह्यांना चहाचा ठसका लागला. हसता हसता डोळे पुसले. “अवो येडे! इथं फुली म्हंजेच मत. ज्याच्यापुढं फुली तो आपला. तुले काय वाटलं, पेपर तपासून राहिली का तू?” मग थांबले. “तू कोणाले मारली?”

“बाईलेच.”

“मंग झालं. काऊन तोंड पाडून राहिली?”

“दूध उतू गेलं,” मी म्हटलं आणि शेगडीकडे वळले. दूध फ्रिजमध्ये होतं.

शनिवारी निकाल लागला. तो आला, थोडक्यात आला. त्या थोडक्यात मी होते, दोनदा गिरवलेली. रविवारी सुमेध गुलाबजाम घेऊन विहारात आला. “काकू, घ्या! मध्यम मार्ग जिंकला!” मी एक घेतला, कागदी रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. सोमवारी पाक झिरपून पर्सचं अस्तर चिकट झालं, ते अजून पूर्ण निघालेलं नाही.

मला माहीत आहे की एका मताने कुणी येत नाही आणि पडत नाही. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं. पण त्याला मतं देणारे बाकीचे सगळे निदान त्याला हवं म्हणून देऊन आले होते. त्याचा राग करून त्याला निवडून देणारी त्या अख्ख्या भागात मी एकटीच असेन. आणि शिकवायचा तास त्यानेच खाल्ला होता. डोरीनची पिशवी उघडली असती तर माझी फुली त्याला मिळाली नसती, हे आठवलं की मला त्याचं ते बिस्किट दिसतं.

जुलैमध्ये वर्गाचा शेवटचा दिवस आला. पत्र आलं होतं, सभ्य भाषेत, खाली ॲपचं नाव. डोरीनने आम्हा प्रत्येकीला एक कार्ड दिलं. माझ्या कार्डावर टेकडी आणि मेंढ्या होत्या. आत तिने लिहिलं होतं की तू माझी फार चांगली विद्यार्थिनी होतीस. खाली तिचं नाव. आणि नावाखाली तीन फुल्या.

तिने कधीही कुणाला फुली मारली नव्हती. मला मारल्या, तीन. मला वाटलं तिला कळलं. कसं ते माहीत नाही, पण तिला कळलं आहे की ते मी केलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर रडायला लागले. ती मला खिडकीशी घेऊन गेली. विचारत राहिली, आणि मग माझ्या तोंडून इंग्रजी बाहेर पडलं, कुणी न शिकवलेलं.

“आय पुट क्रॉस. ऑन हिम. लाइक राँग आन्सर.”

तिला कळायला वेळ लागला. मग तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती, आणि मग खरंच रडत होती. “ओ, लव्ह,” म्हणाली. एवढंच.

थोड्या वेळाने तिने ती जाड पिशवी आणली. त्या मंगळवारपासून ती तशीच होती. आत तेरा खोट्या मतपत्रिका, तिने घरी छापलेल्या. उमेदवार होते सफरचंद, केळं, आंबा आणि संत्रं. एक माझ्यापुढे ठेवली आणि पेन्सिल दिली. “तुला कोणतं आवडतं?” मी आंब्यापुढे फुली मारली. तिने शेजारी बरोबरची खूण केली. तो माझा शेवटचा धडा. मग तिने कार्डावरच्या तीन फुल्यांवर बोट ठेवलं आणि सांगितलं की ह्या चुका नाहीत. इकडे पत्राच्या शेवटी असं लिहितात. ते मुके असतात.

एकाच खुणेचे किती अर्थ! गुरुजींकडे चूक, त्या खोलीत मत, आणि डोरीनकडे माया. आणि त्यातला जो अर्थ मला येत होता, नेमका त्यालाच इथे किंमत नव्हती.

डोरीन आता मुलीकडे समुद्राकाठी राहते. नाताळात कार्ड येतं, खाली तीन फुल्या. ॲप मी दोन महिने वापरलं. त्यातली बाई काहीही म्हटलं तरी “वेल डन” म्हणते. एकदा मी तिला मराठीत शिवी दिली, तरी वेल डन. मग मी ते काढून टाकलं आणि फटीतून पडणारे कागद वाचायला लागले, औषधाच्या बाटल्या, बसथांब्यावरच्या नोटिसा. वर्गातल्या बाकीच्या कुठे गेल्या मला माहीत नाही. मीरपूरवाली एकदा बाजारात भेटली, आम्ही दोघी हसलो आणि मग दोघींनाही शब्द सुचेनात. वर्गात आम्ही एकमेकींशी किती बोलायचो. रविवारची बस अजून नाही. चर्चा चालू आहे. ह्यांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. हे दर निवडणुकीला त्या बाईची आठवण काढतात, “आपण दोघांनी दिलं तिले, तरी पडली बिचारी.”

आज दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर तोच. खरा, हलणारा, कोटाला बिल्ला. पायाखाली चेरीच्या पाकळ्यांचा चिखल. मागे हातात कागदांचा गठ्ठा घेतलेली एक मुलगी. मी एरवी पडद्याआडून बघून गप्प बसते. आज हात कणकेत नव्हते आणि चहाचं भांडंही पुढे नव्हतं.

त्याने नाव सांगितलं, जसं काही मला ते अक्षर-अक्षर लावून पाठ नाही. मी सगळ्यांचं ऐकतो, म्हणाला. तुमच्या मताची मी आशा ठेवू का?

ते जुनं वाक्य छातीतून वर आलं. गळ्यात थांबलं. मी त्याला थांबू दिलं नाही, फक्त ते वर येता येता दुसरंच झालं.

“लास्ट टाइम,” मी म्हटलं, “यू गॉट माय व्होट.”

त्याचा चेहरा उजळला. हसू मोजायचं विसरला. “थँक यू! थँक यू सो मच!” हात पुढे केला.

“बाय मिस्टेक.”

हात तसाच हवेत राहिला. मागच्या मुलीने खोकल्यासारखं काहीतरी केलं आणि गठ्ठ्यामागे तोंड लपवलं. तो काहीतरी बोलायला लागला, सुरुवात ‘बट’नेच झाली. मी दार लावलं. हळूच लावलं, आपटलं नाही. मग तिथेच पायपुसण्यावर बसले. झडप वाऱ्याने एकदा वाजली, उगीच.

चहा करून घेतला आणि डोरीनला पत्र लिहायला बसले. नाताळ नाही, तरी. सगळं लिहिलं, त्याच्या हातासकट. दोन ठिकाणी स्पेलिंग चुकलं असेल, तिथे मीच हलकं गोल काढून ठेवलं आहे. शेवटी माझं नाव, आणि त्याखाली तीन फुल्या.

चौथी गुरुवारी.